ओढ्यातलं तांबं

बादशहा मुलाणीला वास येत नव्हता. तालुक्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत क्रांती मॅडम रसायनतज्ज्ञ म्हणून हजर झाल्या, त्या पहिल्याच दिवशी त्यांना हे कळलं. कुणीतरी अमोनियाची बाटली उघडी ठेवली होती. मॅडम ओढणी नाकाला लावून दारात उभ्या, आणि हा पांढऱ्या मिशांचा माणूस त्याच टेबलाशी बसून काचेच्या नळ्या पुसत होता. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण हात थांबला नव्हता.

"मुलाणी, अहो, बाहेर या!"

"डोळं झोंबलं म्हनून कळलं मॅडम. नाक माजं त्रिशूरलाच ऱ्हायलं."

त्रिशूरला तो एकोणिसाव्या वर्षी गेला होता, गलाईच्या कामाला. विटा-आटपाडीच्या बाजूची माणसं या धंद्यात देशभर पांगलेली. जुनं सोनं तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, शिजवायचं, त्यातलं तांबं आणि चांदी काढायची, निर्मळ सोनं सोनाराच्या हातावर ठेवायचं. बादशहाला तिकडं नेलं ते चिंचणदऱ्याच्या नानासोनं. दोघं एकाच गावचे, एकाच वर्गातले. दहा बाय दहाच्या खोलीत दोघांनी आठ वर्षं तेजाबाचा पिवळा धूर गिळला. त्या धुरानं बादशहाचे पुढचे दात झिजले, नाक गेलं. आणि एका दुपारी तेजाबाची बरणी फुटली. नानासो दाराशी होता, एका ढांगेत बाहेर पडला असता. तो आत आला. बेशुद्ध पडलेल्या बादशहाच्या काखेत हात घालून त्यानं त्याला फरफटत अंगणात आणलं. नानासोचे कोपराखालचे दोन्ही हात भाजले. पुढं आयुष्यभर, भर वैशाखातसुद्धा, तो पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागला.

बादशहा गावी परतला, लग्न केलं, आणि प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला. काम बाटल्या धुण्याचं आणि गावोगावचे नमुने गोळा करण्याचं. पण माणूस चौकस. आधीच्या साहेबांनी त्याला थेंब मोजायला शिकवलं, रंग जुळवायला शिकवलं, आणि मुख्य म्हणजे एका आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही हे शिकवलं. पाण्यात नायट्रेट वाढलंय एवढ्यावर काही कळत नाही. सोबत क्लोराइड वाढलं असेल तर जवळ संडासाचा खड्डा शोधावा. दोन्ही वाढलंय, पण पावसाळ्यातच, तर उसाचं खत. असं करत करत बादशहा आकड्यांवरून गावं ओळखू लागला. कुणाच्या विहिरीशेजारी गोठा आहे, कुणाच्या परसात गटार फुटलंय, हे तो न जाता सांगे. मॅडमनाही ते लवकरच उमगलं, आणि त्या अहवालावर सही करण्याआधी कागद त्याच्यापुढं सरकवू लागल्या. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. दिवस मानाचे होते.

माघात चिंचणदऱ्याहून खबर आली. धनगराची मेंढरं मरत होती.

केरबा नावाचा हा धनगर दिवाळीनंतर ओढ्याकाठच्या माळावर वाडा लावून होता. पहिल्यांदा दोन मेंढरं गेली, मग रोज एकदोन. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी तांबडी, आणि दोन दिवसांत खेळ खलास. एकतीस मेंढरं गेल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी काळीज कापून तपासायला पाठवलं. उत्तर आलं, तांब्याचं विष. डॉक्टरांनी केरबाला समजावलं, "शेळीला सोसतं, गाईला सोसतं, मेंढराला तांबं सोसत नाही. काळजात साठत जातं आणि एक दिवस एकदम फुटतं."

तांबं म्हटल्यावर गावाला विचार करावा लागला नाही. ओढ्याकाठी मनुबाईची डाळिंबाची बाग होती, चारशे झाडांची. मनुबाईचा नवरा फौजेतून सुटून आला आणि दोन वर्षांत हृदयविकारानं गेला. त्याच्या मागं बाईनं एकटीनं बाग उभी केलेली. डाळिंबावर मोरचूद आणि चुन्याची फवारणी करतात, आणि मोरचूद म्हणजे तांबं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. सरपंच उदयसिंहानं बागेची मोटार सोडवून पंचायतीत आणून ठेवली आणि प्रयोगशाळेला पत्र पाठवलं.

सोमवारी मॅडमनी बादशहाला धाडलं. "दोन नमुने आणा. मेंढरं पाणी पितात तिथला एक, बागेच्या खालचा एक."

त्यानं दोन बाटल्या भरल्या. मग सवयीनं तो वर चालत गेला. बागेच्या वरच्या अंगाला ओढ्यातल्या दगडांना हिरवट कीट चढलं होतं. शेवाळ म्हणून त्यानं नखानं खरवडलं, तर ते बुळबुळीत लागलं नाही, खरखरीत लागलं. त्यानं तिसरी बाटली भरली. आणखी दोनशे पावलं वर गेला. तिथं ओढ्याच्या वळणावर नव्या घरामागं पत्र्याचं शेड होतं. शेडच्या वर, जिथं दगड काळे स्वच्छ होते, तिथं त्यानं चौथी भरली. ते घर नानासोचं होतं. सहा महिन्यांपूर्वीच तो त्रिशूर सोडून कायमचा गावी आला होता. त्याच्या वास्तुशांतीला बादशहा आणि त्याची बायको हाजराबी दोघं जेवून आले होते.

मंगळवारी सकाळी मॅडम यायच्या आधी त्यानं वरच्या दोन बाटल्या तपासल्या. शेडच्या वरचं पाणी निरोगी, पीएच पावणेआठ, नायट्रेट चौदा. शेडच्या खालचं पाणी आंबटाकडं झुकलेलं, पीएच सहा, आणि नायट्रेट एकशे अठरा. क्लोराइड दोन्हीकडं सारखंच, म्हणजे संडास नाही, गोठा नाही, खत नाही. सल्फेटही दोन्हीकडं सारखंच. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, त्यातनं तांबं आलं असतं तर सल्फेटही वाढायला हवं होतं, आणि फवारणीतला चुना पाण्याला आंबट होऊ देत नाही. तांबं, नायट्रेट आणि आंबटपणा. हे तीन जिथं एकत्र येतात अशी एकच जागा त्यानं आयुष्यात पाहिली होती. आठ वर्षं तो तिथं जेवला होता, झोपला होता. चांदी काढून घेतली की तेजाबाचं निळं-हिरवं पाणी बादलीत उरतं आणि ते कुठंतरी ओतावं लागतं.

त्यानं दोन्ही बाटल्या कपाटात मागं सारल्या आणि आकडे वहीत लिहिले नाहीत.

दुपारी मॅडमनी खालचे दोन नमुने पाहिले. "तांबं आहे का बघायला जिल्ह्याला पाठवू. नायट्रेट पण बरंच आहे. खत आणि मोरचूद, दोन्ही बागेतलंच असेल. पण सल्फेट का नाही वाढलं, मुलाणी?"

"बघाया पायजे," बादशहा म्हणाला. मॅडमच्या तोंडाकडं त्यानं पाहिलं नाही.

संध्याकाळी तो नानासोच्या घरी गेला. नानासोनं खुर्ची टाकली, स्वतः चहा आणला. कप पुढं करताना त्याची बाही वर सरकली आणि त्यानं ती खाली ओढली.

"शेडात गलाई चालू केलीस?" बादशहानं विचारलं.

"दिवाळीपास्नं. आता परमुलखात ऱ्हावत न्हाई गड्या, गुडघं गेलं. हितं बसून हाताला येतंय तेवढं करतोय. का रं?"

"पानी कुठं सोडतोस?"

"खड्डा हाय की. चुना टाकतो वरनं."

"खड्डा झिरपतोय नानासो. खालची दगडं हिरवी झाल्यात. मेंढरं तुज्या पान्यानं मेली."

नानासोनं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मनुबाईच्या बागंत मोरचूद मारत्यात, हे खोटं हाय व्हय?"

"खरं हाय. पर मोरचुदात नायट्रेट नसतंय. आन् ओढ्यात हाय त्ये."

"हे कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"तुला कळतंय व्हय." नानासो हसला नाही, रागावलाही नाही. "बाच्छा, आठ दिस दे मला. खड्डा बुजवतो, काम बंद करतो. पानी आपोआप निवळंल. मग कुनाचं नाव घ्यायची गरज काय? बाईलाबी कोन फाशी देत न्हाई. मोटार परत मिळंल तिला."

बादशहाला ते पटलं नव्हतं. पण समोरच्या माणसानं त्याला एकदा मरणातनं ओढून काढलं होतं, आणि आज तो त्याचा उच्चारही करत नव्हता. नुसती बाही सारखी करत होता. बादशहाच्या तोंडून शब्द गेला, "व्हय."

बुधवारी तो कामावर गेला, बाटल्या धुतल्या, परत आला. हाजराबीनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली.

"आवं, काय झालंय?" तिनं विचारलं. तीस वर्षांच्या संसारात तो तिच्यापासून काही लपवू शकला नव्हता. त्यानं सगळं सांगितलं. हाजराबी ऐकत होती, ताटावरची माशी वारत होती.

"नानासोभाऊंचं उपकार मीबी इसरत न्हाई," ती म्हणाली. "त्येंच्यामुळं माजं कुकू... म्हंजी माजं घर हाय. पर ते फेडायला तुमी दुसऱ्या बाईचं घर का देताय?"

"आठ दिसाचा तर सवाल हाय."

"तुमाला आठ दिस. तिला गाव कवा आठ दिस देतंय?"

उद्या सांगतो, असं तो म्हणाला. उद्या नक्की, असं त्यानं मनाशीही ठरवलं.

त्याच बुधवारी दुपारी उदयसिंहानं मॅडमना फोन केला होता. मॅडम सरळ माणूस. त्या म्हणाल्या, "ओढ्याच्या पाण्यात तांबं असावं, पण कुठून आलं ते अजून ठरलेलं नाही." गावानं पहिलं अर्धं ऐकलं. चावडीवर बोलाचाली झाली. केरबाचे नातलग दोन टेम्पो भरून आले होते, गावातले रिकामे हात त्यांना मिळाले. चार वाजता सगळे बागेत शिरले.

गुरुवारी सकाळी मॅडमच्या मोबाइलवर कुणीतरी चित्रफीत पाठवली. त्यांनी ती बादशहाला दाखवली. झाडं बुंध्यातून तोडलेली. फळं धरलेल्या फांद्या चिखलात. लाल डाळिंबं पायाखाली फुटलेली. मनुबाई बांधावर बसली होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. कुऱ्हाड चालवणाऱ्यांकडं बघत होती, जसं काही नावं पाठ करते आहे.

बादशहा उठला. मग कपाट उघडलं आणि मागच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, मला मंगळवारीच कळलं हुतं."

त्यानं सांगितलं. आकडे सांगितले, त्यांचा अर्थ सांगितला, नानासोकडं गेल्याचंही सांगितलं. क्रांती मॅडमचं वय त्याच्या मुलीएवढं. त्यांनी त्याला अरे-तुरे केलं नाही, आवाजही चढवला नाही. "आज गुरुवार आहे, मुलाणी," एवढंच त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "या बाटल्या आता पुरावा म्हणून कवडीच्या कामाच्या नाहीत. चला."

पण रीतसर पंच गोळा करेपर्यंत शुक्रवार उजाडला. सरपंच, तलाठी, केरबा, आणि अर्धं गाव ओढ्यावर जमलं. बादशहानं शेडच्या खालचं पाणी घेतलं, मॅडमनी तिथंच पीएच तपासला. सात पूर्णांक सहा. नायट्रेटच्या पट्टीवर रंग फिका. पाणी साफ होतं. मंगळवारच्या रात्रीपासून नानासोनं खड्डा उपसून मुरूम आणि चुन्यानं भरून टाकला होता. बादशहानं त्याला जी खबर दिली, तिचा त्यानं उपयोग केला होता.

उदयसिंह मिशीत हसला. "मॅडम, तुमचा शिपाई म्हातारा झालाय. नानासोसारख्या मानसावर आळ घ्यायचा म्हंजी..."

नानासो गर्दीत उभा होता, बाह्यांची बटणं लावून. त्यानं बादशहाकडं पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, आणि बादशहाला ती झेपली नाही म्हणून तो खाली वाकला. वाकल्यावर त्याला दगड दिसले. पाणी वाहून जातं, दिवसाचं दिवसाला बदलतं. दगडावर बसलेलं कीट तीन महिने तिथंच होतं.

"मॅडम, अमोनिया आनलाय का?"

मॅडमनी पेटीतून बाटली काढली. त्यांना कळलं होतं, तांबं असेल तिथं अमोनियानं निळा रंग उतरतो. बादशहानं तीन पांढऱ्या वाट्या मांडल्या. एकीत शेडच्या वरच्या दगडाची खरवड, दुसरीत शेड आणि बाग यांच्या मधल्या दगडाची, तिसरीत बागेतून ओढ्याला येणाऱ्या चरातली माती. तलाठ्याला प्रत्येक वेळी जवळ बोलावून, बोट ठेवून दाखवलं, की कुठल्या वाटीत काय आहे. मग थेंब टाकले. पहिली वाटी तशीच राहिली. तिसरीत जरा निळसर झाक आली, दिसली न दिसली. मधल्या वाटीत निळा रंग असा उतरला, की बघणारा केरबा एक पाऊल मागं सरला. शाईच्या दौतीत असतो तसा गर्द.

"बागंच्या वरनं आलंय," केरबा हळू म्हणाला. "बागंच्या *वरनं*." मग त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. बुधवारी त्यानंही चार झाडांवर कुऱ्हाड घातली होती.

नानासोनं काही नाकारलं नाही. गर्दी वाट देत गेली, तसा तो बादशहासमोर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बरनी फुटली तवा तुला आत सोडून पळालो असतो, तर आज हितं मान खाली घालावी लागली नसती."

बादशहा वाकून वाट्या गोळा करू लागला.

पुढं जे व्हायचं ते झालं. शेडला सील लागलं, मोटार बागेत परत गेली, झाडं तोडणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि तारखा पडू लागल्या. केरबानं उरलेली मेंढरं घेऊन माण तालुक्याची वाट धरली. जाताना तो मनुबाईच्या दारात गेला होता. तिनं दार उघडलं नाही. बादशहानं अहवालासोबत स्वतःच्या हातानं जबाब लिहून दिला, की नमुने त्यानं दोन दिवस दाबून ठेवले आणि ज्याच्यावर संशय होता त्यालाच आधी जाऊन सांगितलं. मॅडमनी तो वाचून विचारलं, "हे लिहायलाच पाहिजे का?" तो म्हणाला, पाहिजे. त्यावर त्याला कारणे दाखवा नोटीस आली, आणि निवृत्तीच्या कागदांवर चौकशीचा शेरा पडला. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. नानासोच्या बायकोनं बाजारात हाजराबीला पाहून तोंड फिरवलं, ते मात्र हाजराबी घरी येऊन सांगताना रडली.

चैत्रात तो मनुबाईकडं गेला. तोडलेल्या खोडांना धुमारे फुटले होते. काही झाडं वाचतील, फळ यायला दोन-तीन वर्षं लागतील, असं ती म्हणाली. त्याला बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. मग विचारलं,

"मुलाणीभाऊ, तुमाला कुठल्या वारी कळलं?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं. घरून निघताना त्यानं वेगवेगळी उत्तरं जुळवली होती.

"मंगळवारी. सकाळी."

"बुधवारी चार वाजता आली मानसं."

"व्हय."

मनुबाईनं मान हलवली. हिशोब बरोबर जुळल्यावर माणूस हलवतो तशी. "मला विहिरीचं पानी तपासून पायजे," ती म्हणाली. "नवी रोपं लावायच्या आधी. पर तुमी येऊ नका. मॅडमना पाठवा."

मॅडम जाऊन नमुना घेऊन आल्या. तपासणी बादशहानं केली, कारण थेंब मोजण्यात त्या इमारतीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पीएच, क्षारता, सल्फेट, नायट्रेट, सगळं त्यानं तीन-तीनदा केलं. तांब्यासाठी जिल्ह्याला बाटली पाठवली, तिचंही उत्तर आलं. पाणी चांगलं होतं. नायट्रेट किंचित जास्त, पण बागेला त्याचं भय नाही.

मॅडमनी टेबलावरूनच फोन लावला. समोर बादशहा बाटल्यांना चिठ्ठ्या डकवत होता. खोली लहान, मनुबाईचा आवाज मोठा. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"चांगलं हाय म्हंता? बरं झालं," मनुबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, "मॅडम, कुनी तपासलं?"

क्रांती मॅडमनी बादशहाकडं पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मुलाणींनी," त्या म्हणाल्या.

"मग एकडाव तुमी स्वता बघा," मनुबाई म्हणाली. "राग मानू नका. पर तुमी बघा."

मॅडम काही बोलायच्या आत बादशहानं नमुन्याची उरलेली बाटली उचलली, त्यांच्या टेबलावर ठेवली, शेजारी स्वच्छ नळ्या मांडल्या आणि आपली खुर्ची मागं सारून बाजूला उभा राहिला.